एकोणीस खाचांची घंटा

“घंटे, शाळा सुटली, सगळे घरी गेले, तरी तू कोणाले मोजून राह्यली?”

मित्रांनो, हे विचारणाऱ्या पोरीचा एक पाय पळायच्या तयारीत होता, पण आवाज असा खणखणीत की कौलांवरचे दोन पारवे उडाले. तिचं नाव वैष्णवी नेमसिंग आडे, इयत्ता नववी. प्रश्न मात्र तिचा नव्हता. तो तिच्या गळ्यात मारला होता तिच्या मैत्रिणीनं, शीलानं, आणि वर्गातल्या संघदीपनं. पाचची घंटा होऊ द्यायची, मैदान रिकामं होऊ द्यायचं, मग घंटेला कान लावून हे विचारायचं. नाहीतर आठवडाभर दोघांचे डबे घासायचे, अशी पैज होती. दोघं पाण्याच्या टाकीमागं दबून बसले होते.

“लाव ना वं कान! आता काहून थांबली?” शीला ओरडली.

“भूत निघालं त आधी आमाले सांगजो,” संघदीप म्हणाला. “आमाले पळाले टाइम पाह्यजे.”

आमच्या सावळटेकच्या शाळेतल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे, की शिपाई बाबाराव टोला देऊन घरी गेला तरी माझी, म्हणजे या घंटेची, गुणगुण लवकर थांबत नाही. वारा नसतो, साखळी हलत नसते, तरी ती चालू असते. आणि नीट ऐकलं तर ती एकसारखीही नसते. अडखळते. थांबते. पुढं सरकते. एकेकावर बोट ठेवून कुणी मोजावं तशी.

वैष्णवीनं कान टेकला. दिवसभराच्या उन्हानं माझं अंग चांगलं तापलेलं होतं, तरी तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. माझ्या पोटातून एक पुरुषाचा आवाज म्हणाला, “धावजी. हाजर.” मग एका बाईचा आवाज आला. मग एका लहान मुलीचा, धापा टाकत, भराभर.

ती झटक्यानं मागं सरली. शीला आणि संघदीप धावत आले.

“काय आयकू आलं?”

“काई नाई,” वैष्णवी म्हणाली. “आपले डबे तुमचे तुमीच घासा.”

पण घरी जाताना तिनं तीनदा मागं वळून माझ्याकडं पाहिलं. धावजी हे नाव ती रोज ऐकत होती ना! ते कसं, ते सांगते. आधी माझी ओळख.

मित्रांनो, तुम्ही मला घंटा म्हणता, पण मी जन्मानं घंटा नाही. मी रुळाचा तुकडा. हातभर लांब, दोन्ही टोकांना करवतीनं कापलेली. बोरी अरबवरून जी छोटी लाईन जायची, तिच्या दुरुस्तीत मी उरले. माझ्या भावंडांच्या पाठीवरून गाड्या धडधडत गेल्या आणि मी ठेसनाबाहेर गवतात पडून राहिले. मला वाईट वाटायचं हो. लोखंडालाही वाटतं.

एक दिवस मला बैलगाडीत घालून सावळटेकला आणलं. गाडी हाकणारा होता गावाजवळच्या बंजारा तांड्यातला धावजी. त्याच्या आजोबांचे बैल मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. रूळ आले आणि तो धंदा बसला. म्हणजे मला शिव्या द्यायला त्याला चांगलं कारण होतं. पण उतारावर मी गडगडू नये म्हणून त्यानं माझ्याखाली स्वतःचं घोंगडं घातलं. आपण काय घेऊन चाललो आहोत, हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

तेव्हा परक्यांचं राज्य होतं. त्यांनी कागदावर काही जमाती लिहून ठेवल्या होत्या आणि त्यापुढं लिहिलं होतं, की हे लोक जन्मतःच गुन्हेगार. चोरी केली म्हणून नाही बरं का, जन्म झाला म्हणून! फिरत राहणारा माणूस त्यांना धड दिसायचाच नाही. तर त्या कागदावरून, शाईत सगळ्यांचे अंगठे घेऊन, आमच्या तांड्यावर हजेरी बसली. पाटलांनी मला चावडीपुढं टांगलं आणि लोहाराला बोलावून माझ्या अंगावर छिन्नीनं खाचा पाडून घेतल्या. तांड्यातल्या एका घराची एक खाच. एकोणीस घरं होती, एकोणीस खाचा झाल्या. पहिली खाच धावजीच्या घराची.

हजेरीची रीत अशी होती. दिवस उगवताना आणि दिवेलागणीला तांडा ओळीनं उभा राहायचा. कोतवाल एका घराला एक टोला द्यायचा. घरातल्या मोठ्यानं आपल्या खाचेवर बोट ठेवायचं आणि माझी गुणगुण विरायच्या आत घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन ‘हाजर’ म्हणायचं. तांब्याभर पाणी पिऊन व्हावं, तेवढाच वेळ. गुणगुण संपली आणि एखादं नाव मागं राहिलं, की ते माणूस पळालं असं धरायचे. ते माणूस समोर उभं असलं तरी!

एका दिवेलागणीला धावजीला खोकल्याची ढास लागली आणि त्याच्या आठ वर्षांच्या पोरीचं, रुपीचं नाव घ्यायचं राहिलं. रुपी त्याच्या धोतराचा सोगा धरून उभी होती. पोरगी पळवून लावली म्हणून पोलिसांनी धावजीला नेलं. चार महिन्यांनी परत आला तेव्हा तो बोलत नव्हता. मग घरातली नावं रुपी घ्यायला लागली. टाचा उंच करून खाचेवर बोट ठेवायची आणि एका दमात सगळी नावं. बापाचं सगळ्यात आधी.

मित्रांनो, भीतीनं घेतलेलं नाव हवेत विरत नाही. ते लोखंडात शिरतं. माझ्यात अशी किती शिरली ते मलाच माहीत. ती बाहेर काढता येत नाहीत, आणि ती म्हणायची थांबवताही येत नाहीत.

देश स्वतंत्र झाला. पुढं पाच वर्षांनी तो कायदाही गेला. पाटलांनी मला चावडीमागं फेकून दिलं. माझ्यावर एरंड उगवला, कोंबड्यांनी खाली अंडी घातली. मग गावात शाळा आली आणि गुरुजी घंटा शोधत फिरत असताना त्यांच्या पायाला माझी ठेच लागली. त्यांनी मला घासूनपुसून शाळेपुढच्या कडुनिंबाला टांगलं. पहिला टोला दिला आणि म्हणाले, “अरे वा! काय आवाज आहे!” माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. पोरं हसत पळत आली. माझ्या आवाजानं कुणी हसतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पण तांड्यातली लेकरंही त्याच शाळेत येणार होती. ती खाचा पाहणार, आणि विचारणार. म्हणून तांड्याची पंचायत बसली. तिला ते लोक नसाब म्हणतात. नसाबमध्ये शपथ झाली, की हजेरीची गोष्ट लेकरांना सांगायची नाही. त्यांना मान वर करून शाळेत जाऊ द्यायचं. आणि त्या दसऱ्याला मुक्या धावजीनं स्वतःच्या बोटानं माझ्या एकोणीस खाचा शेंदरानं बुजवल्या. लेकरांनी विचारलं तेव्हा मोठी माणसं म्हणाली, देवीच्या खुणा आहेत.

सांगणारे एकेक करून गेले. ऐकणारे राहिले. आता दरवर्षी दसऱ्याला सगळा तांडा वाजतगाजत येतो, खाचांना शेंदूर लावतो, नारळ फोडतो, बाया लेकरांची डोकी माझ्यावर टेकवतात. ज्या खाचेनं त्यांच्या आज्याला नेलं, तिलाच नैवेद्य! मी ओरडून सांगणार कशी? मला फक्त टोल्याची भाषा येते.

पुढं शाळेत विजेची घंटा बसली. ‘ट्रिंग’ करते, चिमणीएवढा आवाज. दसरा सोडला तर पहिली दोन वर्षं मला कुणी हात लावला नाही, साखळीला गंज चढला. पण आमच्याकडची वीज तुम्हाला माहीत आहे, ती पुढं रोजच जायला लागली. ती गेली की बाबाराव निमूट लोखंडी गज उचलतो आणि माझ्याकडं येतो.

आणि मी वाजले, की तिकडं तांड्यात एक म्हातारी उठून उभी राहते.

तीच रुपी. आता रुपीबाई. लग्न होऊन गेलेली, लवकर विधवा होऊन कडेवरच्या पोरासकट माहेरी परतलेली. आता सत्त्याऐंशी वर्षांची. वैष्णवीच्या बाबांची, नेमसिंगची ती आजी. जेवत असो की झोपेत असो, माझा टोला पडला की ती ताठ उभी राहते, हवेत एक बोट टेकवते आणि भराभर म्हणते, “धावजी. हाजर.” मग आणखी नावं. शेवटी स्वतःचं, “धावजीरी छोरी रुपी. हाजर.” मग खाली बसून उरलेली भाकर खाते. घरातले म्हणतात, वय झालं.

वैष्णवीही तेच म्हणायची. माझ्या पोटात तेच नाव ऐकेपर्यंत.

यंदा दिवाळीनंतर कापूस फुटला आणि दरवर्षीसारखी धनीबाई तिच्या माणसांना घेऊन वेचणीला आली. फासेपारध्यांची सात पालं ओढ्यापलीकडं पडली. त्याच दिवसांत गावात पंजाबकडचे हार्वेस्टरवाले होते, तमिळनाडूची बोअरची गाडी होती. आणि त्याच दिवसांत तीन विहिरींवरच्या मोटारी चोरीला गेल्या.

ग्रामसभा नेहमी माझ्याच कडुनिंबाखाली भरते. नेमसिंग यंदा उपसरपंच झालाय. तांड्यातून पहिलाच. तो उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, “पारध्यांची हजेरी घेतली पाह्यजे. सकाळ-संध्याकाळ, शाळेपुढं. अंगठा घेऊन. रजिस्टर मी लिहीन.”

हजेरी. सत्तर वर्षांनी तो शब्द चावडीवरच्या अर्थानं माझ्या कानावर पडला. माझ्या अंगावरची शेंदराची एक जाड खपली सुटून खाली पडली. वारा नव्हता.

“बोअरवाल्याईचीबी घ्याची काय?” कुणीतरी विचारलं.

“त्याईची कायले? ते काय पारधी हायत?”

सगळे हसले. आपण आत्ता काय बोललो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

कडेला धनीबाई उभी होती. साठीची, काटक, कापसाच्या बोंडांनी बोटं फाटलेली. ती म्हणाली, “दादा, पाच वाजता आमचा कापूस काट्यावर राह्यते. हजेरीले आलो त वजन कोन पाहीन? न आलो त आमीच चोर. मंग आमी रायचं कुठं?”

“याची का नाई ते तुमचं तुमी पाहा,” नेमसिंग म्हणाला. पण तो तिच्याकडं बघत नव्हता. तो गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांकडं बघत होता, ते मान डोलावतात का ते. त्यांनी डोलावली. नेमसिंगचा चेहरा असा फुलला, मित्रांनो, की मला त्याची कीव आली. आज तो गावातला झाला होता.

दुसऱ्या दिवशी यवतमाळहून विमलताई आल्या. फिरस्ती हक्क मंचाच्या. जाड चष्मा, खांद्याला झोळी, झोळीत कागदच कागद. कामाला फिरणाऱ्या माणसांना जन्म पाहून वेगळं वागवू नका, म्हणून त्यांचा मंच गावोगाव फिरतो आणि वर अर्ज करतो. वैष्णवी माझ्याखाली बसून गणितं सोडवत होती. तिनं सरळ विचारलं, “ताई, नाव लिहिल्यानं काय होते? आमचंबी शाळेत लिवतेच ना.”

“नोंदीले आमचा विरोध नाई गं,” ताई म्हणाल्या. “नोंद झाली त राशन भेटते, लेकराले शाळेत बसता येते. आम्ही त म्हणतो नोंद कराच. पण सगळ्यायची करा, एकसारखी करा. बोअरवाल्याले चहा अन् पारध्याले अंगठा, हे कोणतं धोरण? तेवीस गावांत असे ठराव झाले. सगळे जोडून आम्ही जिल्ह्याले अर्ज दिला. म्हणतात, पुरावा द्या. अशा हजेरीनं माणसाचं काय होते ते गावातल्याच कोणी लिहून द्या. बाहेरच्याचं चालत नाई.”

बोलता बोलता त्यांची नजर माझ्यावर गेली. त्यांनी एका खाचेवरून बोट फिरवलं.

“ह्या कायच्या?”

“देवीच्या.”

“देवीनं छिन्नीनं पाडल्या?”

वैष्णवीच्या वहीवरची पेन्सिल घरंगळत गेली तरी तिनं उचलली नाही.

रविवारी दुपारी ती रुपीबाईला हाताला धरून घेऊन आली. मैदानात चिटपाखरू नव्हतं. तिनं गज उचलला आणि टोला दिला. रुपीबाईची काठी गळून पडली. म्हातारी पुढं आली, पहिल्या खाचेवर तिनं बोट ठेवलं आणि नखानं शेंदूर खरवडला. मग बोट पुढं सरकत गेलं. प्रत्येक खाचेला एक घर आणि घरातली सगळी माणसं. एकोणीस घरं, माझ्या एका गुणगुणीत! तिचा श्वास सरत आला तरी आवाज थांबेना. आणि वैष्णवीला जाणवलं, की म्हातारी एकटी बोलत नाहीये. प्रत्येक नावामागं लोखंडातून कुणीतरी तेच नाव हळूच म्हणत होतं.

“दादी, ह्या खाचा कोणाच्या?”

“घराच्या.”

“कोणत्या घराच्या?”

“आपल्या, छोरी. आपल्याच.” मग रुपीबाईनं घाबरून तिच्या तोंडावर हात ठेवला. “बोलजो नको. नसाबची शपथ हाय.”

हळूहळू, कडुनिंबाच्या बुंध्याशी बसून, तिनं सगळं सांगितलं. खोकल्याची ढास, सोगा, चार महिने. वैष्णवी रडली नाही. तिनं नाक ओढलं आणि विमलताईंना फोन लावला.

ताई सोमवारी कागद घेऊन आल्या. तांड्यात नाही, इथंच, माझ्याखाली. रुपीबाईनं सांगितलेलं सगळं त्यांनी लिहून वाचून दाखवलं. म्हातारी मान हलवत होती. मग ताईंनी झोळीतून शाईचा पॅड काढला, झाकण उघडलं, आणि रुपीबाईची मूठ मिटली. अशी मिटली की नखं तळव्यात रुतली. वैष्णवीनं एकेक बोट सोडवायचा प्रयत्न केला. सत्त्याऐंशी वर्षांची ती मूठ दगडाची झाली होती.

“नको, आजी. नको. नाई घेत,” म्हणत ताईंनी घाईघाईनं पॅड झोळीत टाकला.

“मी करते सही,” वैष्णवी म्हणाली.

“वय काय तुझं?”

“चौदा. पूर्ण.”

“अठरा लागतात, बाळा.”

म्हणून मग तिनं दुसरंच धाडस केलं. ठराव पक्का करायला पुन्हा ग्रामसभा भरली, तेव्हा ती माणसांतून वाट काढत थेट माझ्यापाशी आली आणि ओरडली, “मले बोलाचं हाय!”

“ए पोट्टे, हे काय स्नेहसंमेलन हाय काय?” मागून एकजण. पुन्हा हशा.

“हो, तसंच समजा!” ती म्हणाली आणि तिनं सांगायला सुरुवात केली. खाचा कुणाच्या, पहिली कुणाची, कोण कुठं उभं राहायचं. पहिल्यांदा हसू थांबलं. मग खोकणं थांबलं. तांड्यातली माणसं खाली बघायला लागली.

नेमसिंग उठला. कानशिलं लाल झाली होती. “आमचा तांडा कधीच हजेरीत नव्हता! त्या देवीच्या खुणा हायत. माह्या बापानं त्याईले शेंदूर लावला, मी लावतो. चूप बस, वैष्णवी. घरी चाल.”

तो खोटं बोलत नव्हता, मित्रांनो. हेच तर भयंकर! त्याला खरंच तसं वाटत होतं. शपथ इतकी चांगली पाळली गेली होती.

“ठरावाच्या बाजूनं हात वर करा,” सरपंच म्हणाले.

हात वर झाले. गावाचे झाले, आणि तांड्याचेही. मी मोजले. मला मोजायची सवयच आहे. तांड्यातल्या त्या एकोणीसच्या एकोणीस खाचांच्या घराण्यांचे हात वर होते. माझ्या अंगातली नावं एकदम गप्प झाली. सत्तर वर्षांत अशी शांतता मी ऐकली नव्हती, आणि मला ती मुळीच आवडली नाही.

मित्रांनो, तुम्हाला एक विनंती करते. लोखंडाला स्वतःचं मन नसतं. शाळा भरवायला लावाल तर मी शाळा भरवीन, माणसं मोजायला लावाल तर माणसं मोजीन. मला नीट ठेवा, गंज काढा, साखळीला तेल द्या. पण माझ्या खाचा बुजवू नका. शेंदरानं नको, रंगानं नको, लाजेनंही नको. ज्यांना लाज वाटायला हवी होती त्यांना ती वाटली नाही, आणि ज्यांचं काही चुकलं नव्हतं ते तोंड लपवत राहिले. आणि तुमच्या गावात कुणी कामाला आलं, तर आधी त्याला पाणी विचारा. नाव नंतर विचारा, आणि विचारायचंच तर सगळ्यांना विचारा.

आता पहिल्या हजेरीच्या संध्याकाळचं सांगते.

शाळेतलं टेबल माझ्याखाली आणून मांडलं होतं. टेबलावर कोरं रजिस्टर, नवा शाईचा पॅड. नेमसिंग खुर्चीवर. समोर धनीबाई आणि तिच्यामागं सात पालांची माणसं, वेचणी अर्धी टाकून आलेली, केसांत कापसाचे धागे. लेकरं बायांच्या लुगड्यांना धरून उभी. बघायला गाव जमलं होतं. शाळेची पोरं कुंपणावर चढली होती. वैष्णवी घरी आली नाही म्हणून तिची आई, जिला ती याडी म्हणते, तिला शोधत येऊन गर्दीत उभी होती.

“हाण,” नेमसिंग बाबारावला म्हणाला.

बाबारावनं गज उचलला. पण त्याच्या हातात जोर नव्हता. टोला हलकाच पडला, आणि तरी मी अशी गुणगुणले की ओढ्यापलीकडची कुत्री रडायला लागली.

“नाव सांग.”

“धनीबाई,” ती म्हणाली.

नेमसिंगनं लिहिलं. लिहिताना मात्र कान माझ्याकडं लागले होते. सगळ्यांचेच लागले होते. कारण गुणगुण थांबत नव्हती. तांब्याभर पाण्याचा वेळ गेला. घागरभर पाण्याचा गेला. बाबारावनं मला दोन्ही हातांनी कवटाळून धरलं. माझा थरथराट त्याच्या कोपरापर्यंत गेला, आणि तो हात सोडून मागं सरला. मित्रांनो, मी एवढंच करू शकत होते. मी थांबलेच नाही. मी थांबले नाही तर कुणाचंही नाव मागं राहणार नव्हतं.

आणि त्या गुणगुणीतून ती गप्प झालेली माणसं पुन्हा बोलायला लागली. आधी एक पुरुष. मग बाया. मग लहान मुली. कुंपणावरची पोरं एकेक करून खाली उतरली. शीलानं संघदीपचा हात गच्च धरला होता, आणि त्या दिवशी त्याला पळायचं सुचलं नाही.

नेमसिंगनं रजिस्टरकडं पाहिलं. पहिल्या ओळीत त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: धावजी.

त्यानं ते खोडलं. पुन्हा लिहिलं. पेन थांबवून वाचलं. पुन्हा धावजीच! तिसऱ्यांदा खोडताना कागद फाटला. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि थंडीचे दिवस होते.

“नेमसिंग, राहू दे आज,” सरपंच हळूच म्हणाले. “उद्या पाहू.”

“उद्या कायले? आजच होईन.” त्यानं पान उलटलं. त्याचा आवाज लहान झाला होता. “धनीबाई, अंगठा दे.”

धनीबाईनं हात पुढं केला. सवयीचा हात होता तो. कितीतरी गावांत पुढं केलेला.

तेवढ्यात वैष्णवी गर्दीतून निघाली. आईनं तिचा दंड धरला, “कुठं चालली वं? तुह्या बाबाची इज्जत…” तिनं आईचा हात हळूच सोडवला, त्या हातावरून एकदा हात फिरवला, आणि ती ओळीत जाऊन धनीबाईच्या मागं उभी राहिली. दप्तर पाठीवर तसंच होतं. धनीबाईनं वळून पाहिलं आणि ती तिच्यासाठी अर्धं पाऊल पुढं सरकली.

“वैष्णवी, निघ तिथून,” नेमसिंग म्हणाला.

ती निघाली नाही. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता, दोन्ही पाय जमिनीत रोवलेले होते.

“याडी, बाबा, दोघंबी आयका,” ती म्हणाली. “माही सही चालत नाई म्हणते. मंग मी उभी त राहू शकते ना? हे हजेरी बंद होत नाई तोवर रोज सकाळी शाळेच्या आधी अन् संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी हिथंच उभी राहीन. तुमी मारा, कोंडा, मामाच्या गावाले पाठवा, मी पायी वापस येईन. मी ठरवलं. बाबा, माहं नाव लिवा. धनीबाईच्या खाली लिवा.”